सिमेंटमधले कॅल्शियम ॲल्युमिनेट: मुंबईच्या साईटवर आणि लॅबमध्ये नव्याने आलेल्यांसाठी, पायरी पायरीने

हे लिहितोय ते नुकतेच आरएमसी (तयार काँक्रीट) प्लांटच्या लॅबला लागलेल्या पोरांसाठी, रिपेअर-वॉटरप्रूफिंगच्या धंद्यात पडलेल्यांसाठी, भट्टीच्या अस्तराची कामं घेणाऱ्यांसाठी, आणि केमिस्ट्री करून सिमेंटकडे वळलेल्यांसाठी. कॉलेजात क्लिंकरच्या (भट्टीतून निघालेल्या, दळून सिमेंट होणाऱ्या खड्यांच्या) चार फेज म्हणजे मुख्य संयुगं पाठ करून घेतात, पेपरात लिहून आपण मोकळे होतो, आणि मग पहिल्याच महिन्यात गाडी हायवेच्या ट्रॅफिकमधून साईटवर पोचेपर्यंत स्लम्प (मालाचा सैलपणा) गायब, मुकादम फोनवर ओरडतोय, आणि आपल्याला कळत नाही की नक्की बिघडलं काय. बऱ्याचदा (दरवेळी नाही) त्यामागे ॲल्युमिनेट असतं. साध्या सिमेंटात ते वजनाने बहुतेकदा दहा टक्क्यांच्या आतच असतं, पण पहिल्या दोन तासांत आणि नंतरच्या वीस-तीस वर्षांत, दोन्हीकडे हेच आपला हिसका दाखवतं. आणि "सी३ए जेवढं कमी तेवढं सिमेंट चांगलं" (सी३ए म्हणजे हेच ॲल्युमिनेट) असं जे सगळीकडे ऐकायला मिळतं ते मुंबईत तरी सरसकट धरून चालू नका, का ते पाचव्या पायरीत येईल.

पायरी १: आधी शॉर्टहँड

सिमेंटवाले फॉर्म्युले पूर्ण लिहीत बसत नाहीत. कॅल्शियम ऑक्साइड म्हणजे चुना तो सी, ॲल्युमिना ए, सिलिका एस, लोखंडाचं ऑक्साइड एफ, पाणी एच. म्हणजे सी३ए म्हटलं की तीन रेणू चुना, एक रेणू ॲल्युमिना. सीए म्हणजे एकास एक. केमिस्ट्रीवाल्यांना सुरुवातीला सी म्हणजे कार्बन आणि एस म्हणजे गंधक दिसत राहतं, होतं तसं, सवय लागते.

आता डोक्यात दोन खोल्या करा. पहिल्या खोलीत आपलं रोजचं ओपीसी (साधं पोर्टलंड सिमेंट), ज्यात मुख्य काम सिलिकेट (सी३एस आणि सी२एस) करतात आणि सी३ए साधारण ५ ते १० टक्के असतं, सोबत सी४एएफ नावाचं लोखंड असलेलं भावंड. दुसऱ्या खोलीत कॅल्शियम ॲल्युमिनेट सिमेंट, ज्याला जुने लोक हाय ॲल्युमिना सिमेंट म्हणतात, त्यात सिलिकेट जवळपास नाहीच, मुख्य फेज सीए. घटक तेच, चुना आणि ॲल्युमिना, पण वागणूक इतकी वेगळी की एकाचा अनुभव दुसऱ्याला लावायला गेलात तर फसाल.

पायरी २: एमटीसी वाचायला शिका

टँकरबरोबर किंवा लॉटबरोबर मिल टेस्ट सर्टिफिकेट येतं. सगळे त्यात २८ दिवसांची ताकद बघतात आणि फाईलला लावून टाकतात. तुम्ही ॲल्युमिना आणि आयर्न ऑक्साइडचे आकडे बघा. कधीकधी सी३ए थेट छापलेलं असतं, नसलं तर स्वतः काढता येतं, १९२९ मध्ये आर. एच. बोग यांनी दिलेलं सूत्र अजून जगभर चालतं:

सी३ए = २.६५० × ॲल्युमिना वजा १.६९२ × आयर्न ऑक्साइड
सी४एएफ = ३.०४३ × आयर्न ऑक्साइड

(ॲल्युमिना भागिले आयर्न ०.६४ पेक्षा जास्त असेल तरच हे चालतं, आपल्या ओपीसीत ते असतंच.)

समजा ॲल्युमिना ५.२ आणि आयर्न ३.८. मग १३.७८ वजा ६.४३, म्हणजे सी३ए ७.३५ टक्के. आता दुसरं सिमेंट घ्या, ॲल्युमिना ४.२ आणि आयर्न ४.८. ११.१३ वजा ८.१२, सी३ए ३ टक्के. बघा गंमत, ॲल्युमिना फक्त एक टक्का कमी आणि लोखंड एक टक्का जास्त, तेवढ्यात सी३ए निम्म्याहून खाली आलं, कारण भट्टीत लोखंड आधी आपल्या वाटणीचं ॲल्युमिना ओढून घेतं आणि उरलेल्यातून सी३ए बनतं. सल्फेट रेझिस्टिंग सिमेंट (सल्फेटचा मारा सोसणारं, थोडक्यात एसआरसी) बनवायची युक्ती हीच आहे. आयएस (भारतीय मानक) १२३३० प्रमाणे त्यात सी३ए ५ टक्क्यांच्या वर नको आणि दोन पट सी३ए अधिक सी४एएफ २५ च्या वर नको. आपल्या दुसऱ्या सिमेंटचं ६ अधिक १४.६ म्हणजे २०.६, पास. पहिल्याचं २६ च्या वर, नापास, पण म्हणून ते वाईट सिमेंट झालं असं नाही.

एक सावधगिरी. हे सूत्र क्लिंकरसाठी आहे, पीपीसी (फ्लाय ॲश म्हणजे कोळशाची राख मिसळलेलं) किंवा स्लॅग (लोखंडाच्या भट्टीची मळी) सिमेंटच्या आकड्यांवर मारू नका, फ्लाय ॲशमधलं ॲल्युमिना काचेत अडकलेलं असतं, ते सी३ए नाही, उत्तर काहीच्या काही येईल. ओपीसीतही हा अंदाजच, एक्स-रे डिफ्रॅक्शनने मोजलं तर आकडा थोडा हलतो.

पायरी ३: पाणी पडल्यावर काय होतं

सी३ए हे चारही फेजमध्ये सगळ्यात उतावळं. पाणी लागलं की लगेच रिॲक्शन, आणि उष्णता भरपूर: ग्रॅममागे साधारण ८६० जूल, तेच सी३एसचं ५०० च्या आसपास आणि सी२एसचं २६० च्या आसपास. नुसतं क्लिंकर दळून पाणी घातलं तर काही मिनिटांत माल गरम होऊन दगड होतो, याला फ्लॅश सेट म्हणतात. तसं होऊ नये म्हणून दळताना जिप्सम घालतात. जिप्सममधलं सल्फेट पाण्यात उतरतं, सी३एबरोबर मिळून एट्रिंजाइट नावाचे सुईसारखे बारीक स्फटिक बनतात आणि सी३एची धावपळ थांबते. का थांबते याबद्दल शास्त्रज्ञांत बरीच वर्षं वाद चाललाय, पूर्वी सगळे म्हणायचे सुयांचा थर बसतो म्हणून, आता बरेच जण म्हणतात की सल्फेटच कणाच्या पृष्ठभागावर जिथे विरघळणं सुरू होतं तिथे चिकटून बसतं. साईटवर तुम्हाला फरक पडत नाही.

फरक पडतो तो हिशोबाने. एक ग्रॅम सी३ए पूर्ण एट्रिंजाइट करायचं तर साधारण १.९ ग्रॅम जिप्सम लागतं. म्हणजे ७ टक्के सी३ए असलेल्या सिमेंटला १३ टक्के जिप्सम हवं. सिमेंटात असतं किती? चार-पाच टक्के. आयएस २६९ मध्ये सल्फर ट्रायऑक्साइडची मर्यादा ३.५ टक्के, ती शुद्ध जिप्सममध्ये मोजली तरी साडेसात टक्क्यांच्या वर जात नाही. म्हणजे सल्फेट मुद्दामच कमी पडू दिलेलं असतं, कारण जास्त घातलं तर काँक्रीट घट्ट झाल्यावरही आतून सुया वाढत राहतील आणि तडे जातील.

मग सल्फेट संपल्यावर काय? उरलेलं सी३ए आता एट्रिंजाइटलाच खायला लागतं आणि दोघांचं मिळून मोनोसल्फेट बनतं, पातळ पापुद्र्यांचं, ज्याच्या कुटुंबाला एएफएम म्हणतात. हे नाव लक्षात ठेवा, पुढचं सगळं यावर आहे. पापुद्र्यांच्या मधे जी जागा असते ती म्हणजे लोकलमधली चौथी सीट समजा, आज तिथे सल्फेट अर्ध्या मांडीवर बसलंय, उद्या क्लोराइड आलं की ते त्याला सरकवून बसतं, कार्बोनेट आलं तर ते बसतं. कोण बसलंय त्यावर काँक्रीटचं भविष्य ठरतं.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर सोपा प्रयोग: ५०० ग्रॅम ओपीसी, २०० ग्रॅम पाणी, दोन-तीन मिनिटं नीट कालवा, झिपच्या पिशवीत भरून रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये ठेवा आणि थर्मामीटरची वायर आत सोडा (पिशवीशिवाय ओतलंत तर थर्मास गेला). हातात ग्लोव्ह्ज आणि डोळ्याला चष्मा हवाच, सिमेंटचं पाणी कडक अल्कली असतं. सुरुवातीला तापमान थोडं वर उडी मारतं, ते बरंचसं ॲल्युमिनेटचं. मग दोन-तीन तास जवळपास शांत, आपल्याला माल ओतायला मिळतात ते हेच तास. मग मोठी चढण, ती सिलिकेटची. शांत काळ अगदी आखूड आला आणि मोठी चढण नंतर दबकी आली तर त्या सिमेंटात, किंवा ॲडमिक्श्चर (काँक्रीटमध्ये घालायचं रसायन) घालून केलं असेल तर त्या जोडीत, सल्फेट कमी पडतंय असा संशय घ्या. मोठ्या लॅबमध्ये हेच कॅलरीमीटरवर करतात, पण थर्मासनेही दोन लॉटमधला फरक दिसतो.

पायरी ४: माल लवकर बसला, आता?

गाडी उतरवायच्या आधीच माल घट्ट. पहिली गोष्ट, पाणी मारायला देऊ नका, मुकादम काहीही बोलो. आधी बघा की माल गरम झालाय का आणि नुसता फिरवून सुटतोय का.

गरम नाही, आणि पाणी न घालता ड्रम जोरात फिरवल्यावर सुटला, तर तो फॉल्स सेट. सिमेंट मिलमध्ये दळताना तापमान वाढून जिप्सममधलं पाणी उडालेलं असतं, त्याचं प्लास्टर ऑफ पॅरिससारखं काहीतरी झालेलं असतं, ते पाणी मिळताच पुन्हा जिप्सम होताना जाळं विणतं. जाळं मोडलं की काम चालू. याची टेस्ट आयएस ४०३१ च्या भाग १४ मध्ये आहे. माल गरम लागतोय आणि फिरवूनही सुटत नाही, तर तो फ्लॅश सेट, ॲल्युमिनेट सुटलेलं आहे, ती गाडी परत.

पण खरं सांगायचं तर मुंबईत हे दोन्ही शुद्ध स्वरूपात क्वचित दिसतात. रोजचं दुखणं आहे ते ॲडमिक्श्चरचं. सुपरप्लास्टिसायझरचे (पाणी न वाढवता माल सैल करणाऱ्या ॲडमिक्श्चरचे) रेणू, विशेषतः एसएनएफ आणि लिग्नोवाले, सी३एवर आधी जाऊन चिकटतात. सी३ए जास्त असेल तर डोस तिथेच संपतो आणि सिलिकेटच्या कणांना काही उरत नाही, मग सुरुवातीला स्लम्प छान आणि अर्ध्या तासात खलास. कधी उलट, ॲडमिक्श्चरमुळे जिप्समचं विरघळणं मंदावतं आणि ॲल्युमिनेटला मोकळं रान मिळतं. उपाय: नव्या सिमेंटचा लॉट आला की त्याच ॲडमिक्श्चरबरोबर मार्श कोन लावा (सिमेंटचा रबडा नरसाळ्यातून किती सेकंदांत वाहतो ते बघा), ५ मिनिटांनी, ३० ने, ६० ने, ९० ने, आणि हे एसीच्या लॅबमध्ये २५ अंशाला करून खुश होऊ नका, मे महिन्यात माल ज्या तापमानाला निघतो त्या तापमानाला करा. दुसरा उपाय अगदी फुकटचा: ॲडमिक्श्चर पहिल्या पाण्याबरोबर न घालता मिनिटभर उशिराने, शेवटच्या पाण्याबरोबर घाला. तोवर सी३एवर एट्रिंजाइट बसायला लागलेलं असतं आणि डोस वाया जात नाही. बॅचिंग प्लांटच्या ऑपरेटरला हे पटवणं हे मात्र केमिस्ट्रीच्या बाहेरचं काम आहे.

मोठ्या राफ्टचं (पायाच्या अखंड जाड स्लॅबचं) काम असेल तर अजून एक. लोअर परळ-वरळीकडे टॉवरच्या खाली जाडजूड राफ्ट पडतात, त्यांचा गाभा स्वतःच्या उष्णतेने तापतो. ७० अंशाच्या वर गेला की एट्रिंजाइट टिकत नाही, सल्फेट इकडेतिकडे विखुरतं, आणि काँक्रीट घट्ट होऊन थंड झाल्यावर, ओल मिळाली की कित्येक महिने-वर्षांनी तेच एट्रिंजाइट पुन्हा बनायला लागतं, आतून फुगवत. म्हणून तिथे थर्मोकपल (आतलं तापमान मोजायच्या तारा) लावतात, बर्फ घालतात, फ्लाय ॲश आणि स्लॅगचं प्रमाण वाढवतात. थर्मोकपलचं रीडिंग घ्यायला रात्रपाळीला तुम्हालाच बसवतील, तर कंटाळून आकडे मनाने भरू नका.

पायरी ५: समुद्र, सल्फेट, क्लोराइड. इथे घाई नको

नव्या मुलांना हमखास पडणारा प्रश्न: साईट समुद्राजवळ आहे, समुद्राच्या पाण्यात सल्फेट असतं, मग सल्फेट रेझिस्टिंग सिमेंट वापरायचं ना? उत्तर ऐकायला विचित्र वाटतं. आरसीसी असेल तर बहुतेकदा नाही.

आधी सल्फेटचा हल्ला समजून घ्या. जमिनीतलं किंवा पाण्यातलं सल्फेट काँक्रीटमध्ये शिरतं, तिथे मोनोसल्फेट बसलेलंच आहे, त्याचं परत एट्रिंजाइट होतं, आणि एट्रिंजाइट जागा खूप जास्त खातं. आता काँक्रीट घट्ट आहे, जागा द्यायला तयार नाही, मग तडे, कोपरे सुटणं, पोपडे. सी३ए कमी तर मोनोसल्फेट कमी तर फुगणं कमी. इथवर एसआरसीचं तर्कशास्त्र बरोबर आहे. (मॅग्नेशियम सल्फेट मात्र सिलिकेट जेललाच, म्हणजे काँक्रीटला धरून ठेवणाऱ्या मुख्य भागालाच, हात घालतं, तिथे सी३ए कमी असून भागत नाही.)

पण समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सल्फेट २.७ ग्रॅमच्या आसपास आणि क्लोराइड १९-२० ग्रॅम. सळई कोण खातं? क्लोराइड. आणि क्लोराइड आत येताना त्याला वाटेत अडवणारा कोण? तीच चौथी सीट. सी३एपासून बनलेले ॲल्युमिनेट क्लोराइडला पकडून फ्रीडेल्स सॉल्ट बनवतात, पकडलेलं क्लोराइड मोकळं फिरत नाही, सळईपर्यंत पोचायला उशीर लागतो. तुम्ही एसआरसी वापरून सी३ए काढून टाकलंत तर सल्फेटपासून वाचलात पण क्लोराइडला रस्ता मोकळा करून दिलात. वर समुद्राच्या पाण्यात क्लोराइड असल्यामुळे एट्रिंजाइट फुगून तडे जाण्याचा त्रास तेवढ्याच सल्फेटच्या साध्या पाण्यापेक्षा कमी दिसतो.

हे कोणा एकाचं मत नाही, आयएस ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीत सरळ लिहिलंय की माती किंवा पाण्यात सल्फेटबरोबर क्लोराइडही असेल तर एसआरसीऐवजी ५ ते ८ टक्के सी३ए असलेलं ओपीसी बरं, किंवा ५० टक्क्यांच्या वर स्लॅग असलेलं स्लॅग सिमेंट. म्हणजे आपण वर काढलेलं ७.३५ वालं "नापास" सिमेंट इथे बरोबर बसतं. प्रत्यक्षात मी तर स्लॅगकडेच झुकतो, कारण स्लॅगमधलं ॲल्युमिनाही क्लोराइड पकडायला मदत करतं आणि वर छिद्रं बारीक होतात, आणि छिद्रं बारीक असण्याचा फायदा सी३एच्या टक्क्यांपेक्षा मोठा आहे. पाणी-सिमेंट प्रमाण ढिलं ठेवलं, कव्हर ब्लॉक (सळईवर काँक्रीटचं आवरण राखणारे ठोकळे) पडलेलेच नाहीत, आणि चर्चा सी३ए ७ की ५, याला अर्थ नाही.

मग मुंबईत एसआरसी कुठे? जिथे मातीच्या रिपोर्टात सल्फेट जास्त आणि क्लोराइड नगण्य आहे तिथे. भराव टाकलेल्या जमिनीवर किंवा खाडीकाठी असा रिपोर्ट मिळणं कठीण, तिथे दोन्ही एकत्रच येतात. म्हणून माती तपासायला पाठवताना दोन्ही आकडे मागा, नुसतं सल्फेट नको.

दोन गोष्टी अजून. फ्रीडेल्स सॉल्ट हे तिजोरीत ठेवल्यासारखं कायमचं नाही, हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरून कार्बोनेशन झालं की ते मोडतं आणि क्लोराइड पुन्हा सुटतं. आणि सी३ए क्लोराइड पकडतं असं वाचून कोणी खाडीची वाळू न धुता वापरायचं समर्थन करू नका, आरसीसीत एका घनमीटरला एकूण ०.६ किलो क्लोराइडची मर्यादा आहे ती आहेच.

पायरी ६: दुसरी खोली, कॅल्शियम ॲल्युमिनेट सिमेंट

हे बनतं बॉक्साइट आणि चुनखडीपासून. फ्रान्सच्या दक्षिणेकडे जिप्समच्या जमिनीत काँक्रीट कुजायचं, त्यावर उत्तर शोधताना लाफार्जच्या ज्यूल बिएद यांनी १९०८ मध्ये याचं पेटंट घेतलं. मग पहिल्या महायुद्धात तोफांचे ओटे झटपट उभारायला ते वापरलं गेलं, कारण २४ तासांत ते ओपीसीच्या २८ दिवसांइतकी ताकद देतं. लक्षात घ्या, हे सेट लवकर होत नाही, तासाभरापेक्षा जास्त वेळ आरामात मिळतो, पण एकदा सुरू झालं की धडाधड. आणि याची एक विचित्र सवय: १० अंशावरून तापमान वाढवत नेलं तर साधारण ३० अंशापर्यंत सेटिंग टाइम वाढतो, आणि त्यानंतर पटकन कमी होतो. म्हणजे मुंबईच्या रोजच्या तापमानात हे नेमकं सगळ्यात आळशी असतं, माल अजून ओला कसा म्हणून घाबरू नका. घाई असेल तर लिथियम कार्बोनेट चिमूटभर, उशीर हवा तर सायट्रिक ॲसिड.

आता याचा मोठा दोष. थंडीत, १५ अंशाच्या खाली, पाण्याबरोबर सीएएच१० बनतं, हलकं, खूप पाणी धरून ठेवणारं, जागा भरून टाकणारं, म्हणून ताकद भरपूर. मधल्या तापमानाला सी२एएच८. साधारण ३० च्या वर थेट सी३एएच६ आणि ॲल्युमिनाचं हायड्रेट. यातलं टिकाऊ फक्त शेवटचं. बाकीचे दोघे ऊब आणि ओल मिळाली की हळूहळू शेवटच्यात बदलतात, याला कन्व्हर्जन म्हणतात, आणि या बदलात घन भागाचं आकारमान जवळपास निम्म्यावर येतं, उरलेली जागा पोकळ. वजन तेवढंच, छिद्रं जास्त, ताकद खाली.

याची किंमत इंग्लंडने मोजली. जून १९७३ मध्ये लंडनच्या कॅम्डनमधल्या मुलींच्या शाळेच्या हॉलचं छत पडलं, फेब्रुवारी १९७४ मध्ये स्टेपनीतल्या शाळेच्या स्विमिंग पूलवरचं. नशिबाने दोन्ही वेळा माणसं वाचली. दोन्हीकडे हाय ॲल्युमिना सिमेंटचे प्रीस्ट्रेस्ड (आधीच ताण दिलेल्या सळयांचे) बीम. निव्वळ कन्व्हर्जनने पडले म्हणणं सोपं आहे पण पूर्ण खरं नाही, एकीकडे बीमला टेकू पुरेसा नव्हता, दुसरीकडे प्लास्टरमधल्या सल्फेटनेही हात दिला होता. तरी त्यानंतर तिथल्या स्ट्रक्चरल कामातून हे सिमेंट बाहेरच गेलं. १९९० मध्ये बार्सिलोनात एक राहती इमारत पडली, तिथेही हेच. आपल्याकडे आयएस ४५६ म्हणतं की खास परिस्थितीत, इंजिनिअर-इन-चार्जच्या परवानगीनेच वापरा, आणि मी नव्या माणसाला सांगेन की बीम-कॉलमसाठी याचा विचारच करू नका.

मुंबईची गोष्ट वेगळी आहे ती वेगात. थंड देशात बदल व्हायला वर्षं लागली, म्हणून सुरुवातीचे छान क्यूब (ताकद तपासायचे ठोकळे) रिझल्ट बघून लोक फसले. इथे तिशीची ऊब आणि वर दमटपणा, बदल लवकर उरकतो. एका अर्थाने बरंच, खोटी ताकद जास्त दिवस टिकत नाही. पण रिपेअरवाला दुसऱ्या दिवशीचा क्यूब दाखवून निघून जातो, म्हणून त्या क्यूबवर विश्वास नको. काही क्यूब ३८ अंशाच्या पाण्यात पाच दिवस ठेवा, कन्व्हर्जन होऊन जातं, मग फोडा, जो आकडा येईल तो तुमचा डिझाइनचा आकडा. आणि मिक्समध्ये पाणी-सिमेंट ०.४० च्या आत, सिमेंट घनमीटरला किमान ४०० किलो. या दोन मर्यादा पाळल्या तर बदलानंतर उरणारी ताकदही कामाची असते.

पायरी ७: मग हे वापरायचं कुठे

पहिलं, भट्टीत. तळोजा-डोंबिवलीकडच्या फाउंड्री, बॉयलर, इन्सिनरेटर, सगळीकडे कास्टेबलमध्ये (अस्तरासाठी ओतायच्या काँक्रीटमध्ये) हेच सिमेंट. ओपीसीच्या हायड्रेशनमधून चुना सुटतो, तो तापवल्यावर पाणी सोडतो आणि थंड झाल्यावर हवेतली ओल पिऊन पुन्हा फुगतो, अस्तराचा भुगा. ॲल्युमिनेट सिमेंटात तो मोकळा चुनाच नाही. काळसर रंगाचं ४० टक्के ॲल्युमिनावालं कमी तापमानाला, पांढरं ७०-८० टक्केवालं वरच्या तापमानाला. पाणी पिशवीवर लिहिलंय तेवढंच आणि पिण्याचं. किमान २४ तास ओलं ठेवा. आणि पहिल्यांदा तापवताना जीव मुठीत धरून हळू, कारण हायड्रेटमधलं बरंचसं पाणी ३५० अंशापर्यंत निघतं, वाफेला बाहेर पडायला वेळ दिला नाही तर अस्तर अक्षरशः फुटतं, माणसं जखमी होतात. सप्लायरचा हीटिंग चार्ट भिंतीवर चिकटवा, मालक म्हणेल "उद्या प्रॉडक्शन घ्यायचंय", ऐकू नका.

दुसरं, गटारं. सीवर लाइनमध्ये हायड्रोजन सल्फाइड निघतो, वरच्या भिंतीवरचे जिवाणू त्याचं सल्फ्युरिक ॲसिड करतात आणि पाइपचा माथा खाल्ला जातो. ओपीसीपेक्षा ॲल्युमिनेट सिमेंटचं अस्तर तिथे खूप जास्त टिकतं, ॲल्युमिनाचं हायड्रेट ॲसिडला तेवढं लवकर दाद देत नाही.

तिसरं, झटपट रिपेअर, गळती बंद करायच्या पावडरी, सेल्फ लेव्हलिंग फ्लोअर, काही टाइल ग्राउट. यात ओपीसी, ॲल्युमिनेट सिमेंट आणि जिप्सम मोजून एकत्र केलेलं असतं, फ्लॅश सेट इथे दोष नसून विकत घेतलेला गुण आहे. पण ते प्रमाण कारखान्यात ठरतं. साईटवर दोन सिमेंट अंदाजाने मिसळली तर घमेल्यातच दगड होतो आणि ताकदही मिळत नाही. एवढंच काय, ओपीसीचा माल केलेला मिक्सर न धुता त्यात कास्टेबल घातलं तरी चिकटलेल्या कवडीने सेटिंग बिघडतं.

जाता जाता, ॲल्युमिनेटची नवी बाजू: भाजलेली चिकणमाती आणि चुनखडी घालून केलेलं एलसी३ सिमेंट, ज्याचं भारतीय मानक आयएस १८१८९ हे २०२३ मध्ये आलं. मातीतलं ॲल्युमिना चुनखडीतल्या कार्बोनेटबरोबर मिळून कार्बोॲल्युमिनेट बनवतं, तीच एएफएमची जागा, यावेळी कार्बोनेट बसलेलं. क्लिंकर निम्म्यावर येतं. पाणी थोडं जास्त मागतं, ॲडमिक्श्चरचा डोस नव्याने बसवावा लागतो, बाकी पायरी ४ तशीच्या तशी.

पायरी ८: पावसाळा

जून ते सप्टेंबर मुंबईची हवा स्वतःच सिमेंटला पाणी पाजते, आणि आधी पितं ते ॲल्युमिनेट. गोणीत गाठी दिसत नसल्या तरी कणांच्या पृष्ठभागावर हायड्रेट बसलेलं असतं, मग सेटिंग टाइम इकडेतिकडे होतो आणि ॲडमिक्श्चरचा डोस जुळेनासा होतो. लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून अंतर सोडून, दहाच्या वर गोणी रचू नका, वरून प्लास्टिक, आधी आलेली आधी काढा, तीन महिने उलटले तर पुन्हा टेस्ट. ॲल्युमिनेट सिमेंटची पिशवी फोडली की त्याच दिवशी संपवा, उरलं तर हवाबंद डब्यात आणि फक्त खड्डे बुजवायच्या कामाला. दोन्ही सिमेंटच्या गोणी एका गोदामात असतील तर मधे मोकळी जागा, वेगळ्या रंगाचा पट्टा आणि वेगळं खोरं-घमेलं, कारण ४० टक्केवालं ॲल्युमिनेट सिमेंट आणि ओपीसी दोन्ही राखाडीच, ट्यूबलाइटच्या उजेडात रात्रपाळीच्या माणसाला ओळखू येत नाहीत.